ताईने टाकलेला हेल

आमच्या ताईचा आवाज या शहरात रोज हजारो लोक ऐकतात. मोठ्या बस स्थानकावर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे माइकवरून सांगणारी ती. बावीस वर्षं झाली.

आमची वस्ती शहराच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे. आम्ही वाक्याचं शेपूट ओढत, हेल काढून बोलतो. शहरात तोंड उघडलं की हसं होतं. नोकरी देताना साहेब ताईला म्हणाले होते, "आवाज चांगला आहे, पण बोलणं असलं? गाडी फलाटावर लागते की गोठ्यात?" ते तिच्या जिव्हारी लागलं. आरशासमोर दातांत पेन्सिल धरून सहा महिने बोलत होती. सवय मोडू नये म्हणून घरातही तसंच. आई हसायची, "अगं, स्वयंपाकघरात कुठली गाडी लागलीय?" जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ताईने जिवंतपणीच घालवली. मला तिचा राग यायचा. मी गॅरेजमध्ये काम करतो, तिथे इंजिनाचा आवाज ऐकतात, माझा नाही.

आईची नजर आधीच गेली होती. यंदा तिला माणसांचाही विसर पडू लागला. शेवटी अंथरूण धरलं तेव्हा एकच धोशा, "माझ्या पोरीला बोलवा." ताई रजा टाकून उशाशीच बसलेली.

"आई, मीच आहे."

"बाई, तुम्ही फार करता माझं. पण पोरगी एकदा भेटली की मी सुटेन."

मी सांगितलं, "आई, ताईच आहे ही." तर म्हणते, "तू भोळा. शहरातल्या बाया तुला कधीही गुंडाळतील."

ताई स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून आमचं जुनं बोलणं पुटपुटत राहिली. मग मला म्हणाली, "तू बोल, मी तुझ्यामागून म्हणते." बेचाळीस वर्षांची बाई स्वतःच्या घरात धाकट्या भावाकडून शिकत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

संध्याकाळी तिने आईचा हात हातात घेतला आणि हेल काढून म्हणाली, "आई, मी आले गं."

जरा जास्तच ओढला गेला तो. स्थानकावरचे लोक आमची टर उडवताना ओढतात, अगदी तसा.

आईने हात काढून घेतला. "करा, म्हातारीची नक्कल करा. आमची पोरगीही तुमच्याच शहरात असते, बाई. तिलाही असंच हसत असाल तुम्ही."

त्यानंतर ती ताईशी एक अक्षर बोलली नाही. चौथ्या दिवशी गेली. पोरगी आली का, हे मलाच विचारत गेली.

पंधरा दिवसांनी ताई कामावर रुजू झाली. काल मी स्थानकावर होतो. आमच्या वस्तीची गाडी तिनेच पुकारली, दोनदा, स्वच्छ, कुठेही शेपूट न ओढता.