बांधावरची बाभळ

मोठं मन म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न लग्नाआधी मला कधी पडला नव्हता. मिरजेच्या शाळेत आम्हाला औदार्य शिकवलं होतं, तेही एका ओळीत: आपल्याजवळचं दुसऱ्याला द्यावं. झालं! पेपरात तेवढं लिहून मी शाबासकी मिळवली आणि आठवडाभर नाक वर करून फिरले. मग लढाईच्या दिवसांत मला कराडच्या खाली, कृष्णाकाठच्या एका गावात दिलं, आणि त्या ओळीची पार वाट लागली.

घरात मामंजी आणि आत्याबाई, म्हणजे माझे सासू-सासरे, आणि लग्नाला आलेली एक नणंद. माझे मालक फौजेत. मामंजींचे थोरले भाऊ गल्लीच्या पलीकडच्या घरात राहायचे, पण दोन्ही घरांत बोलणं बंद. का, तर एका बाभळीपायी! वाटण्या झाल्या तेव्हा दोघांच्या रानांमध्ये बांध पडला आणि बाभळ नेमकी त्या बांधावर आली. थोरले म्हणत माझी, मामंजी म्हणत माझी. शेवटी एके दिवशी थोरल्यांनी रागाच्या भरात ती तोडलीच. तोडली, गाडीत घालून नेली आणि घरामागच्या परड्यात तशीच टाकून दिली. तिची ढलपीसुद्धा चुलीत घातली नाही.

मला आपलं हसू यायचं. बाभळच ती, आंबा नाही की फणस नाही! पण नणंदेला हसू येत नव्हतं. तिचं लग्न उन्हाळ्यात धरलं होतं, आणि या घरात देवकाला थोरलं जोडपं बसायची रीत. शिवाय ती थोरल्यांच्या, तिच्या आबांच्या, खांद्यावर बसून लहानाची मोठी झालेली. भाकरी थापता थापता ती म्हणायची, "आबा न्हाई आलं तर मला बोहल्यावर चडवू नगा." आत्याबाई ऐकून न ऐकल्यासारखं करून चुलीत फुंकर घालायच्या. मामंजी ताटावरून उठून जायचे.

दरसाल माणदेशातून एक धनगर मेंढरं घेऊन यायचा. उसाच्या लागणीआधी मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत रानाला मिळतं, आणि धनगराला जोंधळे. आमच्या रानाची त्याची खूण एकच होती, बाभळीच्या अलीकडं. त्या साली तो दिवस मावळताना आला, बघतो तर थोड्या अंतरावर एक बाभळ उभी. ती होती थोरल्यांच्या पलीकडच्या हद्दीवरची. त्यानं बिचाऱ्यानं तिच्या अलीकडं मेंढरं कोंडायची जाळी, वाघर, ठोकली आणि मेंढरं थोरल्यांच्या रानात बसवली! मामंजी सोयरिकीच्या कामानं परगावी, थोरले तापानं अंथरुणाला. आम्हा बायकांना ब्यां ब्यां ऐकू यायची, पण मेंढरं कुणाच्या रानात ओरडताहेत ते कोण बघायला जातंय?

मामंजी परत आले, रानात चक्कर मारून आले, तेव्हा उलगडा झाला. धनगर अंगणात येऊन मुंडासं काढून बसला. "मालक, लय चूक झाली. बाभळच गावली न्हाई." त्याचा चेहरा बघवत नव्हता. आता ह्या गावात आपल्याला पुन्हा कोण उभं करील, एवढीच त्याला चिंता.

आणि मामंजी चक्क हसले! त्याला ठरल्याएवढे जोंधळे मापून दिले, वर घोटभर गुळाचा चहा पाजला. संध्याकाळी चावडीवर बसून खड्या आवाजात म्हणाले, "माझ्याच भावाचं रान हाय, पिकू दे की! मी काय त्याचं खत मागायला जातोय व्हय?" सगळी चावडी वा वा करत उठली. घरी ही बातमी आली तेव्हा मला माझा मिरजेचा पेपर आठवला. मी आत्याबाईंना म्हटलं, "बघा, याला म्हणतात औदार्य."

आत्याबाई लसूण सोलत होत्या. "व्हय. पर घरात बसून नसतं देता आलं? चावडीवर कशाला दिलं?"

तेव्हा मला ते खवचट वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी थोरले अंगात ताप असताना रानात गेले आणि खराट्यानं लेंड्या गोळा करायला लागले. खरंच! पाटी भरायची आणि बांधावरून आमच्या रानात फेकायची. निम्मा गाव बघायला. "मला भीक घालतोय व्हय? घे तुजं खत!" असं ओरडत होते. लोकांना फुकटचा तमाशा. मीही गेले होते, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या मागनं मोकळी पाटी घेऊन थोरल्या सासूबाई येत होत्या, त्यांच्याकडे बघितलं आणि हसू गेलं. बांधाशी आल्यावर त्या हळूच मला म्हणाल्या, "चावडीवरचं कानावर आल्यापासनं घास उतरला न्हाई बाई त्येंच्या घशाखाली. उपाशी राबत्यात."

मी परत येताना चक्रावून गेले. एकानं दिलं, ते चांगलंच केलं. मग घेणारा उपाशी कसा? खत तर शेणाहून चांगलं, रानाला लागलेलं. दिलेलं असं उलटं का लागावं? हे कोडं माझ्या डोक्यातून जाईना. पोटात गोष्ट ठेवायची मला सवय नाही. मामंजी जेवायला बसले, तसं मी भाकरी वाढता वाढता विचारलंच, "मामंजी, तुम्हाला खत द्यायचं होतं, की थोरल्यांना खाली बघायला लावायचं होतं?"

आत्याबाईंच्या हातातलं कालवणाचं पातेलं तसंच राहिलं. नणंदेनं जीभ चावली. सुनेनं सासऱ्याला असं विचारायचं! आता मिरजेच्या गाडीत बसवतात मला, असं वाटलं. मामंजींनी घास खाली ठेवला, हात धुतला आणि बाहेर पडले.

गल्ली ती केवढी! मी दाराच्या आडून बघितलं, तर मामंजी थोरल्यांच्या दारात उभे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थोरले पडवीत घोंगडं पांघरून बसले होते. आता कुणी तरी खताचं नाव काढणार, असं मला वाटलं.

मामंजी म्हणाले, "दादा, तुजी बाभळ तशीच पडलीया न्हवं परड्यात? पोरीच्या मांडवाच्या खांबांना मेढी पायजेत. देतोस का?"

तुजी बाभळ! ज्या झाडापायी दोन घरांचा धूर एकमेकांकडं जात नव्हता, ते झाड एका शब्दात देऊन टाकलं, आणि वर पुन्हा मागणारेही स्वतःच झाले. थोरल्यांनी अंगावरचं घोंगडं बाजूला सारलं. मग म्हणाले, "तासून द्याव्या लागतील. वाकड्या हायत." बस. एवढंच. मामंजी मान हलवून परत आले आणि म्हणाले, "वाढा. भूक लागलीया."

नंतर कळशी भरायला जाताना मी आत्याबाईंना म्हटलं, "एवढं होतं तर बाभळ त्यांचीच होती म्हणून आधीच सोडायची."

आत्याबाई थांबल्या. "त्येंची कुठली? ह्येंनी राखलेली ती. रोप हुतं तवा शेरडांनी खाऊ नये म्हणून ह्येंनी भवतीनं काटं लावलं. उन्हाळ्यात नदीवरनं घागरी आणून घातल्या. थोरल्यास्नी ठावं हाय की."

"मग मामंजी त्यांच्या दारात तसं बोलले का नाहीत?"

"आता बोलून काय करायचं हाय त्येंना?" असं म्हणून त्या झपाझपा पुढं गेल्या.

मांडवाच्या दिवशी थोरले स्वतः गाडी हाकत आले. मेढी तासून, साली काढून, गुळगुळीत केलेल्या. थोरल्या सासूबाई नवं लुगडं नेसून गाडीत मागं बसलेल्या, देवकाला. नणंद धावत गेली आणि आबांच्या कमरेला मिठी मारून जी रडायला लागली, ती काही केल्या थांबेना. अंगणात सगळी भावकी जमलेली. चावडीवर वा वा करणारेही तेच. त्यांतल्या एकानं खोचकपणे विचारलंच, "काय थोरलं, तुमची बाभळ आणली म्हणायची?"

मामंजींनी मान खाली घातली. थोरल्यांनी मेढ खड्ड्यात उभी धरली होती. तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माजी न्हवं. धाकल्यानं राखलेली बाभळ हाय ही. नीट रवा."

मामंजी एकदम पाठ वळवून कुणावर तरी खेकसले, "सुंभ कुठं हाय रं? कवाचा मागतोय!" सुंभ त्यांच्या खांद्यावरच होता.