बहुमताची इंग्रजी

इंग्रजीचा निकाल बहुमताने लावणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो माझा साडू. चाळीसगावात त्यांचं किराण्याचं दुकान. थोरली मुलगी कॉलेजात गेल्यापासून ती इंग्रजीत कुठे अडली, की साडू दुकान बायकोवर सोपवून थेट स्टेशनावर जात. मुंबईची गाडी थांबली की खिडकीशी उभे राहून विचारत, "साहेब, उंच माणसाला 'टॉल' म्हणायचं का 'हाय'?" एकाच्या उत्तरावर त्यांचा विश्वास नसे. चार-पाच खिडक्या फिरून जास्त मतं पडतील ते खरं. एक गुजराती व्यापारी म्हणाला, "जे स्वस्त पडेल ते म्हणा." ते मत यांनी तटस्थ धरलं. हिशेबात मला गफलत खपत नाही, म्हणून एकदा सोबत गेलो तेव्हा मी हटकलं, "नाना, त्या खिडकीतल्या नवरा-बायकोची दोन मतं कशी? तो तर तिच्याकडे बघून बोलला." साडूंनी जरा विचार केला आणि एक मत कमी केलं.

आम्ही हसायचो, मुलीला मात्र हसू येत नसे. आजोबांनी बजावलं होतं, यंदा नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. अशात जळगावच्या एका कारखान्यात टायपिस्टची जागा निघाली. मुलाखत इंग्रजीत.

तिच्याबरोबर आम्ही दोघे गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. टायपिंग तिचं झकास झालं. आत बोलताना ती अडली, तेव्हा तिने साहेबांनाच विचारलं, इथे 'शॅल' म्हणू की 'विल'? एक साहेब म्हणाले 'शॅल', दुसरे 'विल'. दोघांची जुंपली. पोरीने शांतपणे तिसऱ्या साहेबांचं मत घेतलं, "विल पास" असं जाहीर केलं आणि आपलं वाक्य पुरं केलं. हे तिने नंतर सांगितलं. आम्हाला बाहेर फक्त हसणं ऐकू आलं. साडू पांढरे पडले. "गयी नोकरी, भाऊ."

तेवढ्यात दार उघडलं. "लागली, बाबा!"

जूनमध्ये तिला जळगावच्या गाडीत बसवून आम्ही दुकानात परतलो. नानांनी गुळाची ढेप उगीच इकडची तिकडे केली. "घर सुनं लागी ऱ्हायनं, भाऊ," म्हणाले. पायरीवर धाकटी पाचवीच्या नव्या इंग्रजी पुस्तकाला कव्हर घालत होती. तिच्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "कुठे अडलं का, माय?"

"बाबा, अजून पुस्तक उघडलंपण नाही."

"मग उघड ना!"