मेट्रनबायचं गाऱ्हाणं

मेट्रनबाय देवाकडे मागायची तेसुद्धा डोस सांगून. आमच्या हॉस्पिटलच्या दाराशी कोनाड्यात एक लहानसा क्रूस आहे. ड्युटीवर येताना ती तिथे थांबायची आणि दिवसाची यादी सांगायची. "अकरा ते दीड लाईट घालवू नको, सिझर आसा. दीड वाजल्यार घालव, माजी हरकत नाय. दुपारचे दोन तास पावस थांबव, चादरी सुकाक व्हयत." एकदा मी मागे उभी राहून ऐकत होते. म्हटलं, "मेट्रनबाय, सरळ दिवसभर लाईट मागा की." मी पेशंटला औषधाची अख्खी बाटली प्यायला सांगितल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. "मोघम मागल्यार मोघमच मिळता," ती म्हणाली आणि आत गेली.

मेट्रन असं पद आमच्याकडे नव्हतंच. पंधरा खाटांच्या मिशनच्या हॉस्पिटलात कसली आलीय मेट्रन! हजेरीपत्रकात ती साधी 'परिचारिका' होती आणि तिथे तिचं खरं नावही होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. माहेर मालवणचं, निम्मे नातेवाईक गोव्यात, लग्न केलेलं नाही. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची. आठवताना मात्र ती माझ्यासाठी 'ती'च होते. ती मला पेशंटसमोर 'डॉक्टर, तुमी' म्हणायची आणि दार लोटलं की 'गो'वर यायची. "घाटावरची आसस, काटे बगून खा गो," हे तर रोजचंच.

तिच्यासमोर 'वायच' म्हणायची सोय नव्हती. 'वायच' म्हणजे थोडंसं. सगळा सिंधुदुर्ग दिवसभर हा शब्द वापरतो. कुणी बापडा आईला घेऊन यायचा आणि म्हणायचा, "आवशीक वायच ताप आसा." "वायच म्हणजे किती? चमचोभर काय घागरभर?" तो कावराबावरा. मग ती थर्मामीटर लावून आकडा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. माणसं घाबरायची तिला, पण पुढच्या खेपेला आकडा कागदावर लिहून आणायची.

मी साताऱ्याकडची. फोंडाघाट उतरून इथे आले ती एका वर्षाच्या बोलीवर. पुण्यात एका मोठ्या प्रसूतिगृहात जागा मिळणार होती. त्याआधी अनुभव गाठीला बांधावा एवढाच हेतू. पहिल्या दिवशी विचारलं, इथे काय काय आहे? मेट्रनबाय म्हणाली, "काय नाय ता सांगूक दिस जातलो. काय आसा ता सांगतंय, पटकन होतला." खरंच पटकन झालं. एक ऑपरेशनचं टेबल, एक मनाला येईल तेव्हा चालणारा जनरेटर, आणि ट्रेनिंग संपलं की गोव्याला जाऊ पाहणाऱ्या तीन मुली. रक्त हवं तर जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणायचं. माझ्याआधी आलेल्या डॉक्टरणी कुणी चार महिने टिकल्या, कुणी सहा. मी नाक मुरडून म्हटलं, अशा कशा अर्ध्यावर सोडून जातात? तिला ते आवडलं नाही. "चेडवां होती ती. एकटी कशी रवतली हयसर?" असं म्हणून तिने त्या पोरींची बाजू घेतली.

एकदा पिंगुळीची एक बाई बाळंतपणानंतर फार रक्त गेल्यामुळे पांढरीफटक पडली. रक्त आणायच्या पेटीचं झाकण नेमकं त्याच दिवशी मोडलेलं. मेट्रनबायने मासळीवालीकडून थर्माकोलचा नवा खोका आणवला आणि तीन वेळा साबणाने धुऊन घेतला. धुणाऱ्या मुलीला म्हणते, "बरो धू गो. नायतर ती शुद्धीवर येवन म्हणतली, माका बांगड्याचा रगत चढवल्यानी." मी इकडे बाईचं पोट चोळत बसलेली, घामाघूम, आणि तरी मला हसू फुटलं. बाई वाचली. खोका मासळीवालीला परत देताना मेट्रनबायने तो पुन्हा धुतला.

वर्ष संपत आलं. एप्रिलमध्ये संस्थेचं पत्र आलं: जूनअखेर नवीन स्त्री-डॉक्टर न मिळाल्यास बाळंतपणाचा वॉर्ड बंद करावा, फक्त बाह्यरुग्ण विभाग चालू ठेवावा. जाहिरात दिली होती, पण एकही अर्ज आला नव्हता. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटून मी पुस्तकं खोक्यांत भरलीच. मेट्रनबायने मला अडवलं तर नाहीच. उलट खोक्यांना बांधायला सुतळी आणून दिली. मला वाटलं, म्हातारीला काही वाटत नाही. मी जरा दुखावलेच.

मे महिन्याच्या मध्यावर, निघायला पंधरा दिवस असताना, कपडे धुवायच्या दगडापाशी साबणाच्या पाण्यावरून माझा पाय सटकला आणि घोटा मोडला. कुडाळला नेऊन प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, प्रवास तर नाहीच नाही. पुण्याचे लोक जुलैपर्यंत थांबायला तयार झाले. मेट्रनबायने माझी सगळी सेवा केली. चेहरा असा, की पाय तिचाच मोडलाय.

तिसऱ्या दिवशी गावकर तात्या शहाळी घेऊन भेटायला आले. तात्यांची काजूची बाग आहे आणि गावच्या रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने ते देवाला साकडं घालतात आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तात्या स्टुलावर टेकले नाहीत तोच मेट्रनबाय त्यांच्यावर घसरली.

"तात्यानु, देवाक काय सांगलास तुमी?"

"तुमी सांगलास ताच. डॉक्टरीणबायक गावातसून जावक देव नको."

"आणि बरी ठेव म्हणान सांगलास?"

तात्या विचारात पडले. "ता नाय सांगूक. ता देवान बगूचा."

"बगल्यान नाय देवान! ह्यो बगा पाय." तिने माझ्या प्लास्टरकडे हात केला. "औषध देताना किती देवचा, किती दिवस देवचा, पोट बिघडात काय, सगळा सांगूचा आसता. तुमी नुसता औषध सांगून मोकळे. आता परत घाला गाऱ्हाणा. हाड सहा हप्त्यांत जुळाक व्हया. सरळ जुळाक व्हया."

मग तात्यांनी सगळं सांगितलं. असा घोटाळा होता तर! सुतळी देणाऱ्या या बाईनेच चर्चमधून परस्पर देवळात जाऊन नारळ ठेवला होता, चपला हातात घेऊन पायरीवर उभी राहिली होती आणि अख्ख्या वाडीकडून 'व्हय म्हाराजा' म्हणवून घेतलं होतं. मी इतकी हसले की घोट्यातून कळ गेली. आणि मग मला रागही आला. म्हटलं, "अहो, पण मला विचारलंत का? माझं आयुष्य आहे ते."

तिने मान खाली घातली. "तुका इचारला आसता तर तू 'बगूया' म्हणाली आसतंस," ती हळूच म्हणाली. खरं होतं. मी तेच म्हटलं असतं.

जूनमध्ये, एका धो-धो पावसाच्या दुपारी, जवळच्या वाडीतली एक पहिलटकरीण आणली. मूल पायाळू. पुढे पाठवावं तर ओढ्यावरच्या पुलावरून पाणी, आणि कळा तर थांबत नव्हत्या. मला खुर्चीवर बसवून आत नेलं, पाय स्टुलावर. मूल कमरेपर्यंत बाहेर आलं आणि हात अडकले. त्या खुर्चीतून वाकून मला काही करता येत नव्हतं. मी नुसती सांगत होते: ओढू नका, कंबरेच्या हाडावर धरा, पोटावर नको, आता अर्धा वळसा. मेट्रनबायचे साठीला आलेले हात माझ्या शब्दाबरोबर हलत होते. कधी नव्हे ते तिने "किती?" विचारलं नाही. डोकं सुटलं. मूल निळं, गप्प. तिने त्याची पाठ चोळली, तळवे चोळले, आणि पोर एकदाचं कोकललं.

"टायम सांगा, डॉक्टर," ती म्हणाली. मला घड्याळ दिसेना, डोळे भरून आले होते. वॉर्डाला कुलूप असतं तर ही पोर आज कुठे गेली असती? पुलावर? त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन केला आणि यंदा जमत नाही म्हणून सांगितलं. घोटा सरळ जुळला, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या वर्षापासून मेट्रनबायने कुणावर विसंबणं सोडलं. मे महिना आला की ती एक कोरा केसपेपर घेऊन बसायची आणि गाऱ्हाणं लिहून काढायची. लिहायची शुद्ध कागदी मराठीत, कारण केसपेपरवर मालवणी लिहायची नसते असं तिचं मत. पेशंटचे नाव: डॉक्टरीणबाय. उपाय: गावात ठेवणे. मुदत: एक वर्ष. सूचना: हाडे न मोडता. तात्या चष्मा लावून ते वाचायचे आणि आपल्या शब्दांत देवाला सांगायचे. मी पहिल्या वर्षी चिडले, दुसऱ्या वर्षी थट्टा केली, तिसऱ्या वर्षी 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत जाऊन उभी राहिले. असं नऊ वर्षं चाललं. एकदा मला सर्दी झाली तर ती म्हणाली, "फुडल्या वर्सा नाकाचा पण लिवतंय."

यंदाच्या शिमग्याच्या सुमारास तिचं चालणं मंदावलं. एके सकाळी क्रूसापाशी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी दिसली. मी विचारलं, काय होतंय? भिंतीला हात लावून ती म्हणाली, "काय नाय गो. वायच दम लागता."

तिच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. "वायच म्हणजे किती, मेट्रनबाय?" मी विचारलं. ती नुसती हसली. तिला गोव्याला नेऊन आणलं. हृदय थकलं होतं. तिथे ठेवून घ्यायला ते तयार होते, पण ही म्हणाली, मी माज्या वॉर्डात बरी. खिडकीजवळची खाट घेतली आणि तिथून मुलींच्या चादरींच्या घड्यांना नावं ठेवत राहिली. चैत्रात गेली. मी शेजारी होते, नाडीवर बोट होतं माझं. वेळ नोंदवली. तिने शिकवल्याप्रमाणे, मिनिटासकट. मग मी रडले.

मे महिन्यात तात्यांचा निरोप आला, गाऱ्हाण्याला या. मी म्हटलं, लिहिणारी गेली, आता कसलं गाऱ्हाणं? पण गेले. तात्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला केसपेपर काढला. "मेट्रनबायन शिमग्यातच देवन ठेवल्यान. बोलली, मी आसलंय तर परत दिया, नसलंय तर वाचा."

नारळ ठेवला. तात्यांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत."

"व्हय म्हाराजा."

"दवाखान्यातलो बाळंतपणाचो वॉर्ड चालू रवांदे. आवशी आणि पोरां सुखरूप घराक जावंदेत."

"व्हय म्हाराजा."

तात्यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ धरला. "डॉक्टरीणबायक आता जावचा आसात, तर तिका सुखान जावंदे. वाटेत तिका काय एक त्रास होव नको."

कुणीच काही म्हणेना. न ऐकतासुद्धा 'व्हय' म्हणणारी ती माणसं, पण एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि 'व्हय' आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. तात्या तसेच उभे.

मी जाऊन त्यांच्या हातातला कागद घेतला. थरथरतं अक्षर, पण रकाना एकही सोडलेला नव्हता. डिस्चार्ज: स्वतःच्या मर्जीने. मुदत: तिची तिने ठरवावी. म्हातारी जाता जाता मला डिस्चार्ज देऊन गेली होती, आणि तोही मला न विचारता!

इतका राग आला मला तिचा, आणि इतकी माया. तात्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं. कागद देवळाच्या खांबावर धरला आणि 'डिस्चार्ज'वर आडवी रेघ मारली. मुदतीपुढे तिच्याच अक्षराखाली लिहिलं: एक वर्ष. हाडे न मोडता. मोघम काही ठेवलं नाही.

कागद परत दिला. तात्यांनी तो आधी मनात वाचला, मग घसा साफ करून देवाला सांगितला. या वेळी 'व्हय म्हाराजा' रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. त्यात माझाही आवाज होता.