गरम इंजिनाचं प्रेशर

सनीव्हेलच्या मराठी मंडळींना ज्ञानदेव दिसण्याआधी ऐकू यायचा. त्याची एकोणसत्तर सालची दणदणीत अमेरिकन मसल कार, आठ सिलिंडरची, पिकल्या टोमॅटोच्या रंगाची. जयंतीच्या कार्यक्रमाला हॉलबाहेर ती येऊन थांबली की आतला वक्ता भाषण थांबवून पाणी पिऊन घ्यायचा. बायको भावना मागून आपल्या मुकाट जपानी गाडीतून यायची.

ज्ञानदेवचे वडील नागपूरला एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यामुळे दिवसभर कंपनीत नखाएवढ्या चिपा तपासून आलेल्या ज्ञानदेवला संध्याकाळी हात काळे झाल्याशिवाय जेवण गोड लागत नसे.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा सिग्नलला शून्यावर आडवा पडू लागला. तेलाला प्रेशर नाही म्हणजे इंजिनाचे दिवस भरले. भावना हॉस्पिटलात नर्स. तिनं लगेच निदान केलं.

"इंजिन गेलं असेल तर गाडी विकायची. गॅरेजमध्ये त्याचं पोट फाडून बसायचं नाही. कबूल?"

"कबूल," ज्ञानदेव म्हणाला आणि त्या रात्री पोळी अर्धीच खाल्ली.

डॅशबोर्डवर विश्वास न ठेवता त्यानं इंजिनावरचा सेन्सर काढून तिथं स्वतःचा प्रेशर मोजायचा गेज बसवला. गाडी उभ्या उभ्या चालू असताना निदान दहा पाउंड तरी प्रेशर हवं. रोज सकाळी आंघोळीआधी तो गाडी सुरू करायचा, आकडा वहीत लिहायचा आणि लगेच बंद करायचा. पंचावन्न. पंचावन्न. सत्तावन्न. आठ दिवस.

"ठणठणीत आहे," त्यानं वही भावनापुढे सरकवली.

भावनानं चष्म्यावरून पाहिलं. "अहो, रोज सकाळीच का?"

"रीडिंग ठरल्या वेळीच घ्यायचं असतं. सायन्स आहे ते."

"आमच्याकडे एक काका येतात. बीपी तपासायच्या आधी अर्धा तास डोळे मिटून बसतात. जिना चढून आले की हातच देत नाहीत. तुम्ही त्यांचेच भाऊ."

ज्ञानदेवनं वही मागे ओढली. गार तेल घट्ट असतं आणि फुकटचं प्रेशर दाखवतं, हे त्याला काय माहीत नव्हतं? कंपनीत एकही चिप तो भट्टीत तापवल्याशिवाय पास करत नसे. पण चिपा काय, कुणाच्याही असतात; गाडी त्याची स्वतःची होती.

"चला," भावना म्हणाली, "तापवू तिला."

भावना त्या गाडीत पहिल्यांदाच बसली. डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत. चढावर तिनं दाराची कडी घट्ट धरली, उतारावर सोडली, आणि समुद्र दिसल्यावर म्हणाली, "एवढंच पळते होय? आपली जपानी बरी."

ज्ञानदेवनं पाय दाबला. भावना शाळकरी मुलीसारखी किंचाळली.

परत दारात आल्यावर इंजिन चालूच ठेवून त्यानं बॉनेट उघडलं आणि पाठ फिरवली.

"तूच वाच."

भावना गेजवर वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. "बारा."

"नक्की?"

"रोज पन्नास जणांचं वाचते मी."

तिनं आठही आकड्यांवर रेघ मारून खाली बारा लिहिले. तेवढ्यात ज्ञानदेव न राहवून वळला आणि स्वतः वाकला. काटा दहाच्या जरासा पुढे थरथरत होता.

"अकरा आहेत, भावना."

"जिना चढून आलीय ती. एखाद्यानं काय होतंय?"

ज्ञानदेवनं बारा खोडून अकरा केले. अकरा म्हणजेही पास; खोटा होता तो डॅशबोर्डवरचा काटा. त्याचे डोळे उगाच भरून आले, तेव्हा तो रुमालानं गेज पुसू लागला.

"एका रीडिंगवर पेशंटला घरी सोडत नाहीत," भावना वही मिटत म्हणाली. "रविवारी परत तपासू. त्याच रस्त्यानं."