प्रति, मॅनेजरसाहेब

काय सांगू राव, आयुष्यात एकच निवेदन मी जीव ओतून लिहिलं आणि तेच माझ्यावर उलटलं. हसा, पण सगळं ऐकून हसा.

संप फसून बारा-तेरा वर्षं झाली होती. बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच. मी वरळीच्या एका ऑफिसात प्रोग्रॅमर. एक दिवस साहेब म्हणाले, "मॅनेजर होतोस, की प्रोग्रॅमच लिहीत बसतोस? आठ दिवस खुर्चीत बसून बघ आणि सांग."

पगार वाढणार, पण आवडतं काम सुटणार. करी रोडच्या आमच्या खोलीत दारापासून मोरीपर्यंत माझ्या फेऱ्या चालू. बाबा म्हणाले, "मॅनेजर म्हणजे गेटाच्या आतलो माणूस, आपण भायर घोषणा देणारे. तुका जमूचा नाय."

मला राग आला. मुद्दाम जाऊन खुर्चीत बसलो.

चौथ्या दिवशी डबा खाऊन येतो, तर बोर्डावर नोटीस. यापुढे शनिवारची सुट्टी बंद. खाली कसलीशी वेडीवाकडी सही. डोकंच फिरलं माझं.

संध्या माझ्याबरोबरच नोकरीला लागलेली. तिला म्हटलं, "बघितलंस हे?"

"बघितलं. पण अरे, तू..."

"पण-बिण काही नाही. सही कर."

संपाच्या वेळी बाबा निवेदनं माझ्याकडून लिहून घ्यायचे, त्यामुळे मायना तोंडपाठ. 'प्रति, मॅनेजरसाहेब. आम्ही खाली सही करणारे...' अकरा सह्या जमवल्या, पहिली माझी. सगळ्यांना घेऊन केबिनमध्ये घुसलो आणि कागद टेबलावर आपटला. खुर्ची रिकामी.

"कुठाय हा माणूस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी संध्या म्हणाली, "अरे, तूच ना तो?"

सकाळी साहेबांनी कागदांचा गठ्ठा पाठवला होता. माझं लक्ष एका अडलेल्या प्रोग्रॅममध्ये. न वाचता धडाधड सह्या ठोकल्या होत्या मी.

"मग तू सही का केलीस?" मी संध्याला विचारलं.

"मला वाटलं, स्वतःच्याच विरोधात उभा राहतोयस. केवढं कौतुक वाटलं मला तुझं."

त्याच संध्याकाळी साहेबांना सांगितलं, मी आपला प्रोग्रॅमरच बरा. खुर्ची संध्याला मिळाली. तिने पाच मिनिटांत निवेदन मंजूर केलं आणि खाली एक ओळ लिहिली: शनिवारी एकाला यावं लागेल, ज्याने नोटीस काढली त्याने यावं.

आता दर शनिवारी मी चपला घालायला लागलो की बाबा खाटेवरून विचारतात, "काय रे, मॅनेजरान सुट्टी देवक नाय?"