उतरल्यानंतरची खेळी

राजापूरहून रत्नागिरीला येताना एसटीत मी लॅपटॉपवर स्वतः बनवलेला युद्धखेळ तपासत होतो. दोघांनी आळीपाळीने खेळ्या करायच्या. माझे छत्रीधारी सैनिक उतरताच हल्ला करून दर वेळी जिंकायचे आणि खेळातली गंमतच जायची. शेजारी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसले होते. सैनिक उतरले की ते बोटांच्या पेरांवर मोजत.

"उतरल्याबरोबर लढतात हे?" त्यांनी विचारलं. "आम्ही छत्रीने उतरलो की आधी एकमेकांना शोधायचो."

"सगळे सापडायचे?"

"एकदा एक जण नाही सापडला," ते शांतपणे म्हणाले आणि हातखंब्याला उतरले.

मी नियम बदलला. आता उतरल्यावर पहिल्या खेळीत फक्त साथीदार शोधायचे. खेळ तुल्यबळ झाला. त्या न सापडलेल्याचं नाव मात्र विचारायचं राहून गेलं.