आडवी फांदी

मी खोपोलीला डोळ्यांच्या उपचारासाठी जाते, असं आईने गावात सांगून ठेवलं होतं. त्यामुळे कडावच्या बाजारात भेटणारी प्रत्येक बाई माझ्या डोळ्यांत वाकून बघायची. एकीने गुलाबपाणी आणून दिलं. दुसरी, शिबिरात मोतीबिंदू फुकट काढतात, त्याची तारीख कळवते म्हणाली. मी सगळ्यांना हो म्हणायची. आईने सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं, उपचारात डोळे हलवायचे होतेच. दुखणं मनाचं आहे म्हटलं की लोक जरा लांबून बोलायला लागतात, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

माझे बाबा राब भाजताना गेले. भाताचं रोप टाकण्याआधी आमच्याकडे वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून जाळतात, तो राब. उन्हाळ्यात अख्ख्या तालुक्यात तो धूर असतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. त्या सकाळी वारा फिरला, आग बांध ओलांडून डोंगराच्या सुक्या गवतात शिरली आणि बाबा हिरवी फांदी घेऊन ती झोडपत वर चढले. मी खाली बांधावर पाण्याचा हंडा घेऊन उभी होते, आई पलीकडच्या वाफ्यापाशी. धुरात बाबा दिसायचे, नाहीसे व्हायचे. शेवटचे दिसले तेव्हा त्यांच्या हातातली फांदी हलत होती. मग दिसले नाहीत.

ती फांदी पुढे माझी पाठ सोडेना. बाबा ती हलवून मला बोलवत होते आणि मी हंडा धरून तशीच उभी राहिले, एवढंच मला दिसायचं. कुणी कचरा पेटवला, कुणाच्या चुलीचा धूर नाकाशी आला, की हात गार पडायचे आणि मी पुन्हा त्या बांधावर. नोकरी कर्जतला होती, तिथेच खोली घेतली. राबाचे महिने मी खिडक्या लावून काढायची आणि घरी फिरकायची नाही. आई मात्र शेत सोडून यायला तयार नव्हती. तिचे गुडघे गेले होते. ऐन उन्हाळ्यात, कामाच्या तोंडावर, ती घरात एकटी असायची. बाबा गेले त्याच महिन्यात मी तिच्यापाशी नसायची, हे मला खात होतं. मला घरी जाता यायला हवं होतं. तेवढ्यासाठी मी उपचार शोधायला निघाले.

झोपेच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनीच ईएमडीआर हा शब्द कागदावर लिहून दिला. झालेला प्रसंग मनात आणायचा आणि डोळ्यांनी डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांच्या मागे जायचं, म्हणाले, काही जणांना आराम पडतो. मात्र हे करणारं कर्जतात कुणी त्यांना माहीत नव्हतं. मी फोन लावत सुटले. मुंबईच्या एका बाईंनी ऑनलाइन करू म्हटलं. पडद्यावर एक ठिपका इकडून तिकडे फिरायचा. एकदा अगदी धुराशी पोचले आणि वीज गेली, वायफाय गेलं, ठिपका उजव्या कडेला जाऊन थांबला. तो डोंगर मनात उघडा टाकून मी त्या थांबलेल्या ठिपक्याकडे बघत बसले. त्या बिचाऱ्यांनी लगेच फोन केला, मी सावरेपर्यंत बोलत राहिल्या, आणि स्वतःच म्हणाल्या की तुम्हाला समोर बसणारं माणूस हवं.

पनवेलला एक गृहस्थ भेटले. एका बैठकीत सगळं विसराल, म्हणाले. मी विचारलं, सगळं म्हणजे काय काय? ते म्हणाले, सगळं. बाबांची शेवटची आठवण म्हणून माझ्याकडे तेवढीच होती. तीही गेली तर बाबा कुठे शोधायचे? मी चपला घातल्या आणि बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर मला त्या माणसाचा इतका राग आला की कर्जत येईपर्यंत रडूही आलं नाही.

शेवटी खोपोलीच्या मॅडम मिळाल्या. त्यांची खोली पिठाच्या गिरणीच्या वर होती. गिरणी चालू झाली की जमीन बारीक थरथरायची आणि सगळ्याला तांदळाच्या पिठाचा वास. विसरायला लावणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आठवेल, पण आठवणीने बसल्या जागेवरून उचलून नेऊ नये, एवढं बघू. पहिले काही आठवडे त्यांनी आगीचं नावही काढलं नाही. झोप कशी लागते, पाय जमिनीला लागलेत का, मनाला बरं वाटणारी एखादी जागा आहे का, असलंच काहीबाही. मी मनात म्हणायची, बाई, मी कर्जतहून काय पाय जमिनीला लावायला येते? मला धीर कमी, बाबांसारखाच. पण त्यांच्यापुढे माझी काही मात्रा चालली नाही.

माघ सरत आला तेव्हा त्या म्हणाल्या, आज जाऊया. मी बांध मनात आणला. हंड्याचा काठ, धूर, फांदी. त्यांनी दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि हलवायला लागल्या, डावीकडे, उजवीकडे. मधूनच थांबून विचारायच्या, आता काय दिसतंय? धूर, मी म्हटलं. पुन्हा बोटं. आता? बाबांची बाही. पुन्हा बोटं. आणि मग मला बोटं आणि फांदी एकाच वेळी दिसली. फांदी आडवी हलत होती. डावीकडे, उजवीकडे.

हे काय ते आमच्याकडचं माणूसच ओळखेल. राब पेटला की तडतडीत हाक ऐकू येत नाही, म्हणून फांदीने बोलतात. वर-खाली केली तर ये. आडवी केली तर आहेस तिथेच थांब, पुढे येऊ नको. लहानपणापासून मला ते ठाऊक होतं. तरी इतकी वर्षं माझ्या मनात ती फांदी वर-खाली होत राहिली होती.

मॅडमना मी हे सगळं सांगितलं. आठवण अशी हलू शकते, त्या म्हणाल्या, हीच खरी असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तिथे आणखी कुणी होतं का?

होतं की. मी तशीच उठले, खोपोलीहून कर्जत गाठलं आणि तिथून टमटमने कडाव. आई ओटीवर वाल सोलत बसली होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आई, बाबांची फांदी कशी हलत होती?"

कुठली फांदी, असं तिने विचारलं नाही. वालाचं साल बोटाला चिकटलं होतं, ते तिने निपटून टाकलं.

"आडवी व्हती," ती म्हणाली. "तुला पन, मला पन. मला वाटलं, तुला दिसली असंल."

मी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. गेली कित्येक वर्षं असं रडायला मिळालं नव्हतं. बाबांनी मला बोलवलं नव्हतं. त्यांनी मला थांबवलं होतं आणि मी थांबले होते. मला वाटलं, आई आता केसांतून हात फिरवेल. तिचा हात काही आला नाही. वर पाहिलं तर ती समोरच्या अंगणाकडे बघत होती आणि तिचा चेहरा मला ओळखू येईना. अंगणापलीकडच्या आमच्या वाफ्यावर पाला पसरून ठेवला होता, पण तो गेल्या वर्षीचा होता, काळा पडून कुजलेला. शेजारणीला मी मागाहून विचारलं. बाबांनंतर आईने एकदाही राब पेटवला नव्हता. पाला पसरायची आणि काडी ओढायला जमायचं नाही. रोप दर वर्षी मागून आणायची.

"आडवी व्हती म्हनून मी थांबले," आई म्हणाली. "जल्मभर त्यांचं ऐकत आले, तसं तवा पन ऐकलं. नको व्हतं ऐकायला. मी जवळ व्हते गं. तुझ्यापरीस जवळ व्हते."

मला सुटका मिळाली ती तिने इतकी वर्षं गिळून ठेवलेलं तिच्या तोंडून काढूनच. मी तिचा हात धरला, तो गार पडला होता. हा गारवा मला चांगला माहीत होता.

कुणाच्या तरी शेतातून पहिला धूर निघाला होता आणि हळूहळू आमच्या अंगणाकडे येत होता. तिने पदर नाकाला लावला. वालाची परात बाजूला सारली.

"त्या बाईंना इचार," ती म्हणाली. "माझं पन डोळ्याचंच हाय म्हनावं."